आज्ञापत्रांतील आरमार आणि टोपीकर : दोन प्रकरणांचें एकत्र वाचन

रामचंद्र नीलकंठ अमात्य यांच्या आज्ञापत्राचें नांव घेतल्यावांचून मराठ्यांच्या आरमारावरचा लेख पुरा होत नाहीं. पण तें नांव बहुधा एका वचनापुरतें घेतलें जातें. आरमाराच्या प्रकरणारंभींचें प्रसिद्ध वाक्य उतरून घ्यावें, पूर्वजांच्या दूरदृष्टीविषयीं दोन शब्द लिहावे, आणि लगेच लेखणी आंग्र्यांच्या लढायांकडे वळवावी, अशी एक वहिवाटच पडून गेली आहे. त्या वाक्याच्या पुढें कौल, हंगाम, तनखा, लांकूड, परमुलखीं तरांडीं यांविषयीं अमात्यांनीं जे बारीक नियम घालून दिले आहेत, ते लढाईच्या वर्णनास उपयोगी पडत नसल्यामुळें मागें राहतात. आमच्या मतें त्या प्रकरणाचा जीव त्या नियमांतच आहे. दर्यासारंगानें आपल्या खलाशांकरितां लिहिलेले ते हुकूम नव्हेत. समुद्रावरील बंदोबस्त आणि परराज्यांशीं असलेला व्यवहार या दोहोंचा एकत्र विचार करणाऱ्या मुत्सद्द्याचें तें टिपण आहे. मुत्सद्द्याचें म्हणूनच तें तपासलें पाहिजे, आणि त्यांत जें उणें आहे तेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे.

प्रथम काळाकडे पाहूं. आज्ञापत्र १७१५ च्या सुमारास लिहिलें गेलें. अमात्य त्या वेळीं कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या पदरीं होते. त्याच्या एकदोन वर्षेंच आधीं, १७१३ च्या अखेरीच्या सुमारास, बाळाजी विश्वनाथ यांनीं कान्होजी आंग्रे यांस समजावून शाहूमहाराजांच्या पक्षास आणलें होतें. तोंवर कान्होजी ताराबाईंच्या, म्हणजे पुढें कोल्हापूरकर म्हणविणाऱ्या, पक्षांत मोजले जात. तेव्हां ज्या दरबारासाठीं हें प्रकरण लिहिलें गेलें, त्या दरबाराचें सर्वांत मोठें आरमार नुकतेंच हातचें गेलें होतें. मालवणकडील जहाजें काय तीं उरलीं. या दोन गोष्टी इतिहासांत शेजारीं शेजारीं आहेत, पण त्यांची सांगड घातलेली क्वचित् आढळते. ती घातली म्हणजे प्रकरणाचा सूर निराळा लागूं लागतो. सुभ्यास पांच गुराबा व पंधरा गलबतें असावीं, सर्वांवर एक सरसुभा असावा, तनख्याची नेमणूक मुलखांतून करून द्यावी, परमुलखी जहाजाची वार्ता हुजुरास लिहावी, या सर्व आज्ञांच्या मागें एक सरखेल फार मोठा होऊन बसल्याचा अनुभव उभा आहे, असें आम्हांस वाटतें. हें अनुमान आहे. पण त्या अनुमानानें नियमांचा अर्थ लागतो, आणि तें सोडल्यास ते नुसते सुविचार उरतात.

आतां नियम पाहूं. गुराबा फार थोर करूं नयेत, फार लहानही करूं नयेत, मध्यम रीतीनें सजाव्या. आरमारासाठीं सागवान तोडावें तें परवानगीनें. आंबे-फणस रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेले असतात, त्यांस हात लावूं नये. पावसाळ्यांत जहाजें कोठें ठेवावीं, खुल्या समुद्रांत शत्रूच्या घेऱ्यांत न सांपडतां वाऱ्याच्या अनुसंधानानें आपल्या जंजिऱ्याच्या आश्रयास कसें यावें, हें सर्व येथें आहे. झाडांविषयींचें कलम अलीकडे फार लोकप्रिय झालें आहे, आणि तें योग्यही आहे. परंतु आमच्या विषयास महत्त्वाचीं कलमें दुसरीं. ज्या साहुकारांस कौल दिला आहे त्यांच्या तरांड्यांस यत्किंचित् उपसर्ग लागूं नये. ज्यांच्याजवळ कौल नाहीं अशीं परमुलखीं तरांडीं दिसलीं, तरी त्यांवर एकाएकीं घाला घालूं नये. दिलासा देऊन बंदरांत आणावें, लांकूडफांटा, पाणी, नारळ जें लागेल तें विकत घेऊं द्यावें, त्यांस कांहीं विकावयाचें असल्यास थोडी जकात घेऊन विकूं द्यावें, मातबर साहुकार असल्यास त्याचा मान करावा. शत्रूच्या मुलखांतील तरांडें असलें तर तें बंदरीं आणावें खरें, पण मालास धक्का न लावतां हुजुरास लिहावें आणि आज्ञा होईल तसें करावें.

हें शेवटचें कलम आम्हांस फार मोलाचें वाटतें. समुद्रावर जहाज धरणें हा एका घटकेचा पराक्रम असतो. त्यानंतर जो प्रश्न उभा राहतो तो परराष्ट्रकारणाचा. हा माल कोणाचा, तो कोणाच्या कौलावर चालला होता, परत दिल्यास कोण उपकृत होईल, ठेवल्यास कोण रागावेल, याचा निर्णय गुराबेवरच्या तांडेलानें करावयाचा नाहीं, असें अमात्य म्हणतात. शत्रूचा माल धरला गेला तरी तो लूट ठरण्यापूर्वीं हुजुरांत त्याचा विचार व्हावा, हा दंडक त्या काळच्या युरोपियन दर्यावर्द्यांनीं सुद्धां सर्वत्र पाळला होता असें त्यांचे इतिहास वाचून म्हणवत नाहीं.

कौल म्हणजे काय हें या पृष्ठांच्या वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. तथापि त्याच्या जातीची दुसरी वस्तु शेजारीं ठेवली म्हणजे तिचें स्वरूप उघड होतें. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकाच्या आरंभापासून या समुद्रावर कार्ताजाची पद्धति बसविली. गलबत कोणाचें, नाखवा कोण, किती टनांचें, हत्यारें किती, जाणार कोठें, निषिद्ध माल कोणता, हें सर्व त्या एका कागदावर लिहिलेलें असे. कागद नसल्यास जहाज पकडण्यास मोकळें. विजापूर, अहमदनगर यांच्या सुलतानांनीं आणि खुद्द अकबर बादशहानें आपल्या जहाजांकरितां हीं कार्ताजें घेतलीं. युरोपांत ग्रोशियसनें १६०९ मध्यें समुद्र सर्वांस मोकळा आहे असें लिहिलें, त्यास पोर्तुगीजांच्या बाजूनें फ्रेइताशनें १६२५ मध्यें उत्तर दिलें. पण इकडे वाद ग्रंथांत झाला नाहीं. इकडे ज्यास जमलें त्यानें आपलाही कागद काढला. इंग्रजांनीं मुंबईहून आपले परवाने दिले, सिद्दीनें दिले, मराठ्यांनीं दस्तकें दिलीं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें सुरतेहून मलबाराकडे जाणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटींत असे तीन-चार कागद एकमेकांवर ठेवलेले असले तर नवल नव्हे. प्रत्येक कागद म्हणजे एकेका राज्याचा समुद्रावरचा दावा, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीनें एकेक पट्टी.

या ठिकाणीं साहुकारांचें प्रकरण उघडावें लागतें. आज्ञापत्रांत तें आरमाराच्या पुष्कळ आधीं येतें. मध्यें वतनें, वृत्ति, दुर्ग असा मोठा पल्ला आहे. त्यामुळें वाचक दोहोंचा संबंध जोडीत नाहींत. संपादकांनीं तरी टिपेंत जोडावयास हवा होता. साहुकारांस राज्याचें भूषण मानून, त्यांस पेठांतून वसवावें, परमुलखींहून आणावें, असें सांगितल्यावर अमात्य टोपीकरांकडे वळतात आणि त्यांचा सूर एकदम पालटतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार हे साहुकारी करतात खरे, पण ते इतर साहुकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीमागें एकेक राजा आहे. हातीं आलेली जागा सोडणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. त्यांचें बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा यांत आहे. म्हणून त्यांनीं यावें, व्यापार करावा, जावें. वखारीस जागा द्यावीच लागली तर समुद्राच्या वा खाडीच्या कांठीं नको, आंत सखल भागीं द्यावी, आणि पक्की इमारत बांधूं देऊं नये.

दोन्ही प्रकरणें एका हातानें एकाच वेळीं लिहिलेलीं आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांतील विचार एक दिसतो. साधा व्यापारी आणि टोपीकर यांत भेद करावयाचा. साध्या व्यापाऱ्यास समुद्रावर इतकें अभय द्यावयाचें कीं त्यानें आपण होऊन आमचा कौल घ्यावा. टोपीकरास किनाऱ्यावर पाय रोवूं द्यावयाचा नाहीं. आरमाराचा उपयोग या दोन कामांसाठीं. हें करावयाचें तर कौल हा रक्षणाचा कागद राहिला पाहिजे. तो खंडणीची पावती होतां कामा नये. म्हणूनच अमात्यांनीं ती आज्ञा घातली जी आमच्या मतें सर्व प्रकरणांत श्रेष्ठ आहे: आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर आणि समुद्रावरच्या पैदास्तीवर टाकूं नये. तसें केल्यास आरमार पोटासाठीं साहुकारांस उपद्रव करील, साहुकार येईनासे होतील, बंदरें बसतील, आणि बंदरें बसल्यावर आरमारही राहणार नाहीं. सबब नेमलेल्या महालांतून, म्हणजे जमिनीच्या वसुलांतून, तनखा द्यावा.

राज्यकारभारांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांस या एका नियमाची किंमत निराळी सांगावी लागणार नाहीं. पहारेकऱ्यास पहाऱ्यावरच्या मालांतून पोट भरावयास सांगितलें म्हणजे काय होतें, हें जकातीच्या नाक्यापासून समुद्रापर्यंत सारखेंच आहे.

आतां व्यवहार काय झाला तो पाहावयाचा. आंग्र्यांच्या हातीं किल्ले होते, मुलूख होता, हें खरें. परंतु तो मुलूख कोंकणचा, भाताच्या खाचरांचा. तितक्या वसुलावर एवढें आरमार, एवढे जंजिरे आणि एवढ्या तोफा चालणें शक्य नव्हतें. तेव्हां दस्तकाचें उत्पन्न आणि दस्तकावांचून सांपडलेल्या जहाजांचा माल हा आरमाराच्या पोटाचा मोठा भाग झाला. येथून कौलाचें स्वरूप पालटलें. इंग्रजांशीं कान्होजींचें जें भांडण पेटलें त्याचें मूळ याच ठिकाणीं आहे. १७१२ च्या अखेरीस मुंबईच्या गव्हर्नराची नौका कान्होजींच्या लोकांनीं धरली. १७१३ च्या आरंभीं खंडणी घेऊन माणसें सोडलीं आणि इंग्रजांच्या जहाजांस उपद्रव करूं नये असा करार झाला. करार साधा दिसतो. पण इंग्रजांचें जहाज म्हणजे कोणतें? ज्यावर कंपनीचा माल तें? कीं सुरतेच्या वा मुंबईच्या हिंदी व्यापाऱ्याचें, परंतु इंग्रजांचा परवाना घेऊन इंग्रजांचें निशाण लावलेलें, तेंही? मुंबईकर म्हणत, आमचा परवाना तेथें आमचें अभय. कान्होजींचें म्हणणें, तुमच्या कंपनीचें तें तुमचें. तुमच्या कागदाच्या आड लपून चाललेला दुसऱ्याचा माल आमच्या दस्तकावांचून जाऊं शकत नाहीं. दोन्ही पक्ष आपापल्या जागीं पक्के होते. १७१७ त विजयदुर्गावर, १७१८ त खांदेरीवर, १७२० त पुन्हां विजयदुर्गावर, आणि १७२१ च्या डिसेंबरांत पोर्तुगीजांच्या मदतीनें कुलाब्यावर इंग्रजांनीं जे हल्ले केले, त्यांच्या मुळाशीं एका कराराच्या एका शब्दाचा अर्थ होता. कुलाब्यावरचा हल्ला फसला, बाजीराव मदतीस आले, आणि पोर्तुगीजांनीं इंग्रजांस बाजूस ठेवून जानेवारी १७२२ मध्यें मराठ्यांशीं तह उरकला.

पुढें १७२४ मध्यें कान्होजी आणि गव्हर्नर फिप्स यांच्यामध्यें जीं पत्रें झालीं त्यांतही वाद तोच आहे. फिप्सनें बळजबरीचा दोष दिला. कान्होजींनीं उत्तर केलें त्याचा आशय असा कीं कंपनीचें वागणें कांहीं निराळें नाहीं, तिच्याही कारभाराच्या मुळाशीं बळच आहे. या पत्राची आमच्या लोकांनीं फार वाहवा केली, आणि त्यांतील तिखटपणा कोणासही आवडेल असाच आहे. पण दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, हें पत्र आपण वाचतों तें इंग्रजी तर्जुम्यांतून. मुंबईच्या दुभाष्याच्या लेखणींतून गाळून आलेलीं वाक्यें कान्होजींचीं म्हणून अक्षरशः घेणें धोक्याचें आहे. दुसरी, राजनीतीच्या दृष्टीनें तें उत्तर आज्ञापत्राच्या पायरीवरून खालीं उतरलेलें आहे. अमात्यांजवळ एक तत्त्व होतें: कौलवाल्यास अभय, इतरांस दिलासा, शत्रूच्या मालाचा निर्णय हुजुरांत. कान्होजींच्या उत्तरांत, निदान तर्जुम्यांत, तुम्हीही तसेच एवढेंच राहिलें. वादांत तें पुरें पडतें. पण त्यानें व्यापारी आपल्याकडे येत नाहीं, आणि अमात्यांस व्यापारी हवा होता.

हा भेद आमच्या इतिहासकारांच्या नजरेंतून कसा निसटला, याचें कारण वादाच्या दिशेंत आहे. बिडल्फ यानें १९०७ मध्यें आंग्र्यांस मलबारच्या चांच्यांच्या यादींत बसविलें. त्याच्या आधीं लो यानेंही आपल्या आरमारी इतिहासांत तसेंच केलें होतें. त्यांस उत्तर म्हणून सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२८ मध्यें मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील ग्रंथांत दस्तक आणि कार्ताज यांची जात एक असल्याचें दाखविलें. तें काम मोठें होतें. ढबू यांचें कुलाबकर आंग्र्यांवरील पुस्तक १९३९ चें, आपटे यांचा आरमार व व्यापारी जहाजांवरील इंग्रजी ग्रंथ १९७३ चा. दोहोंत साधनांची भर फार मोलाची आहे. पण चांचा कीं सरखेल, हा प्रश्न एकदां मुख्य झाला म्हणजे आपल्या पक्षाचें सर्व कृत्य कायदेशीर ठरविण्याकडे लेखणी ओढली जाते. कायदेशीर ठरलेली गोष्ट शहाणपणाची होती कीं नाहीं, हा प्रश्न मग विचारलाच जात नाहीं.

अलीकडे १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारांतील चांचेगिरीची व्याख्या या वादांत ओढून आणण्याची हौसही कोणास होऊं शकेल; खाजगी स्वार्थासाठीं खाजगी जहाजानें केलेला अपराध अशी ती व्याख्या आहे, आणि भारतानेंही २०२२ त चांचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आहे. त्या मापानें शाहूमहाराजांचा सरखेल चांचा ठरत नाहीं, हें उघड. पण या मोजणींतून इतिहास हातीं येत नाहीं. त्या काळचा प्रश्न व्याख्येचा नव्हता, जबाबदारीचा होता: सरखेलानें जहाज धरलें तर उत्तर कोणीं द्यावयाचें? साताऱ्यानें, पुण्यानें, कीं कुलाब्यानें?

आणि येथेंच आज्ञापत्राचें उणें आहे. हुजुरास लिहावें, एवढें सांगून अमात्य थांबतात. हुजुरांत तें पत्र कोणाच्या हातीं जावें, टोपीकरांच्या करारमदारांची नक्कल कोणीं सांभाळावी, दर्यावरच्या सुभेदारानें त्यांपैकीं काय जाणून असावें, याचा विस्तार तेथें नाहीं. अष्टप्रधानांत सुमंत होता, परराज्यांचा विचार हें त्याचें काम. पण आरमाराच्या नियमांत तो कोठें बसतो हें कळत नाहीं. शिवाजीमहाराजांच्या हयातींत हें उणें भासलें नाहीं, कारण सर्व सूत्रें एका हातीं होतीं. १६५९ त कल्याणास पोर्तुगीज कारागिरांकडून जहाजें बांधवीत असतां वसईच्या तोंडावरून तीं बाहेर काढावयाचीं तर गोव्याच्या सरकारास काय सांगावें, हा प्रश्न आला. तीं सिद्दीवर आहेत असें सांगण्यांत आलें. १६७४ त राज्याभिषेकाच्या वेळीं हेन्री ऑक्सिंडन रायगडावर कलमांची यादी घेऊन आला, बरोबर दुभाष्या नारायण शेणवी. त्यांतील एक कलम असें होतें कीं वादळानें किनाऱ्यास लागलेल्या इंग्रज जहाजांचा माल परत द्यावा. निराजीपंतांकरवीं उत्तर मिळालें तें पाहण्यासारखें आहे. कोंकणच्या चालीप्रमाणें किनाऱ्यास लागलेलें तें सरकारचें. ही सवलत इंग्रजांस दिली तर फ्रेंच, वलंदेज आणि इतरही तीच मागतील, आणि पुष्कळ काळची चाल मोडेल. नकार दिला, पण इंग्रजांवर अविश्वास दाखविला नाहीं. एकास दिलेली गोष्ट सर्वांस द्यावी लागते, हें कारण पुढें केलें. परराष्ट्रखात्यांतला आजचा जाणता कारकूनही याहून नेमकें टिपण लिहिणार नाहीं. त्याच दिवसांत बाकीचीं बहुतेक कलमें मान्य झालीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे त्या एका नकाराचें वजन कळतें.

या उलट १७३९ पाहावें. वसई मे महिन्यांत पडली. मुंबईकरांनीं कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजीअप्पांकडे पाठविलें आणि त्याच सुमारास कॅप्टन गॉर्डन यास साताऱ्यास शाहूमहाराजांकडे. पहिल्यानें जुलैंत व्यापाराचा तह मिळविला. दुसऱ्यास सूचना होत्या त्या दरबारांत बाजीरावांविषयीं असूया कितपत आहे हें पाहण्याच्या आणि जमल्यास ती वाढविण्याच्या. एका राज्याशीं दोन दारांनीं बोलतां येतें, हें मुंबईच्या कौन्सिलास पुरतें उमगलें होतें. तिसरें दार कुलाब्यास आणि विजयदुर्गास होतें, तेंही त्यांस ठाऊक होतें. आमच्या बाजूस मात्र या तीन दारांवर एक नजर ठेवणारा कोणी नव्हता.

त्याचा शेवट १७५५-५६ त झाला. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हते. मार्च १७५५ त पेशव्यांच्या वतीनें रामाजी महादेव यांनीं मुंबईकरांशीं तुळाजींविरुद्ध करार केला. समुद्रावरचा हुकूम इंग्रजांचा राहावा असें त्यांत ठरलें. एप्रिलांत कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ त वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, आणि बंदरांतलें आंग्र्यांचें आरमार जळून गेलें. ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहानें विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, बाणकोट आणि कांहीं गांव इंग्रजांकडे गेले, आणि मराठ्यांच्या मुलखांत वलंदेजांनीं व्यापार करूं नये असें इंग्रजांनीं लिहवून घेतलें. या प्रकरणीं नानासाहेबांस दोष द्यावा कीं तुळाजींस, यावर आतांपर्यंत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. ती वाढविण्याची आमची इच्छा नाहीं. आम्ही एवढेंच दाखवितों कीं त्या दोन तहांत अमात्यांच्या दोन्ही प्रकरणांतील प्रत्येक मुख्य नियम उलटा झालेला आहे. खाडीच्या मुखावरची जागा टोपीकरास दिली. आरमाराचा हुकूम परक्याच्या हातीं दिला. कोणत्या परमुलखी व्यापाऱ्यानें आमच्या बंदरीं यावें हें दुसऱ्या परमुलख्यानें ठरविलें. रामाजी महादेव कर्ते पुरुष होते, कोंकणचा कारभार त्यांनीं नेटानें चालविला. पण एका सरसुभेदारानें मुलखी गरजेपोटीं समुद्राचा तह करावा, आणि त्या तहाचा टोपीकरांच्या जुन्या करारांशीं मेळ घालून पाहणारें खातें मागें नसावें, ही व्यवस्थाच सदोष होती. तो दोष १७१५ च्या टिपणांत बीजरूपानें आहे.

गोव्याकडे याच काळांत काय होतें? तेथें शेजारच्या राजांस गेलेल्या पत्रांच्या नकला स्वतंत्र पुस्तकांत उतरविल्या जात, कार्ताजांच्या नोंदी निराळ्या ठेवल्या जात, आणि राज्याचा दुभाष्या हा नेमणुकीचा अधिकारी असे. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं १९५२ मध्यें पोर्तुगीजांच्या हिंदी वकिलांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हिंदु, मुसलमान, यहुदी, पारशी अशा कितीतरी मंडळींचीं चरित्रें आलीं आहेत. मराठ्यांच्या दरबारीं पोर्तुगीजांचें म्हणणें मांडणारे हे लोक बहुधा आमच्याच भाषेंत बोलणारे होते. पोर्तुगीजांचें बळ अठराव्या शतकांत ओसरलें असतांही त्यांचें परराष्ट्रकारण टिकलें, त्यांत या पुस्तकांचा आणि या माणसांचा वांटा मोठा आहे. आमच्या वकिलांवर त्या तोडीचा ग्रंथ मराठींत अद्याप झालेला नाहीं; त्याची सामग्री मात्र पुण्याच्या पेशवे दप्तरापासून गोव्याच्या दप्तरखान्यापर्यंत विखुरलेली आहे.

जातां जातां एक गोष्ट. २ सप्टेंबर १९२२ नव्हे, २०२२ या दिवशीं कोचीस भारतीय नौदलाच्या नव्या निशाणावर शिवाजीमहाराजांच्या मुद्रेचा अष्टकोन आला. आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु मुद्रेचें मूळ स्थान डोलकाठी नव्हे, कागद. आणि आरमारासंबंधींचे मुद्रेचे कागद शोधण्याकडे आमचें लक्ष अजून बेताचेंच आहे. संग्राहकांच्या रुमालांतून लढाईचीं पत्रें, सनदा, महजर यांस मान मिळतो; चार ओळींचें दस्तक, एखाद्या नाखव्याच्या नांवाचा कौल, बंदरच्या कारकुनाची रवानगीची चिठी हीं किरकोळींत पडतात. आज्ञापत्रांतील नियम किती पाळले गेले, कौलवाल्यास खरोखर अभय होतें कीं कौल ही नुसती पट्टी होती, दर वर्षीं रकमा चढल्या कीं उतरल्या, याचा पुरावा लढाईच्या पत्रांत मिळणार नाहीं. तो याच किरकोळ कागदांत मिळेल. अशा कागदाची नक्कल करतांना गलबताची जात, खंडी, हत्यारें, मुदत, घेतलेली रक्कम आणि पाठीवर कांहीं नोंद असल्यास ती, हें सर्व उतरून घ्यावें. नुसता मायना आणि शिक्का छापून भागणार नाहीं.

आणखी एक सूचना शोधाच्या दिशेसंबंधीं. दस्तक देणारा आमच्याकडचा, पण घेणारा परका. मुदत बहुधा एका वर्षाची. ती सरली कीं कागदाचा उपयोग सरला, आणि ज्याच्याजवळ तो उरला तो नाखवा किंवा व्यापारी सुरत, कच्छ, मलबार येथला. म्हणून कोंकणांतील वाड्यांइतकाच, किंबहुना अधिक, या कागदांचा तपास त्या बंदरांतील जुन्या पेढ्यांच्या हिशेबी चोपड्यांतून केला पाहिजे. मोडी न वाचतां येणाऱ्या घरांत मोडीचा एखादा चिटोरा चोपडीच्या पानांत दुमडून राहिला असेल, तर तो कोणत्या कामाचा हें त्या घरास सांगणारें कोणी तेथें गेलें पाहिजे.